सप्त्याचं काम आणि सप्त्याचा मान

गावी सप्ता बसणार, असा निरोप आला की घरात पहिली धावपळ कुणाची सुरू होते? आपलीच, नाही का! गहू निवडा, गिरणीत टाका, पंगतीच्या दिवसासाठी जावेशी बोलून ठेवा, मुलांच्या शाळेचं बघा. धाराशिवात राहा, तुळजापुरात राहा, नाहीतर कळंब-उमरग्याला, सासरच्या गावचा सप्ता काही सुटत नाही. आणि शहरातल्या नव्या वसाहतीत मारुतीचं किंवा दत्ताचं देऊळ उभं राहिलं की तिथंही सप्ता आलाच.

या सप्त्याची एक गोष्ट मोठी आहे, पण रोजच्या सवयीमुळे ती आपल्या नजरेत भरत नाही. कीर्तनकार महाराजांना मानधन द्यावं लागतं, हे खरं. बाकीचा सगळा डोलारा मात्र गावची संसारी माणसंच उभा करतात. वीणेकरी म्हणून उभा राहणारा गृहस्थ एरवी किराणा दुकान चालवतो, चोपदार शेतकरी असतो, मृदंग वाजवणारे शाळेत मास्तर असतात. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, सायंकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. या सगळ्यात वीणा जमिनीला टेकवायची नाही. सात दिवसांचे तास होतात १६८. दोन-दोन तासांचा पहारा धरला तर पाळ्या होतात ८४. त्या पाळ्या कागदावर मांडायच्या, रात्री दोनच्या माणसाला दीडला उठवायचं, कुणी आजारी पडला तर दुसरा शोधायचा. गावाचं पुढारपण म्हणतात ते हेच!

पोळ्यांचा हिशेब

आता दुसरी पाळी बघा, जी कुठल्याच कागदावर नसते. आपल्याकडे पुष्कळ गावांत आमटी आणि भात देवळापाशी शिजतो, पण पोळ्या घरोघरच्या गोळा होतात. समजा, तुमच्या घराकडे पन्नास पोळ्या आल्या. किलोभर कणकेत मध्यम आकाराच्या पंचवीस-तीस पोळ्या होतात, म्हणजे दोन किलो कणीक मळायची. एका पोळीला दोन मिनिटं धरली तरी शंभर मिनिटं तव्यापुढे गेली. वर घरच्या पाहुण्यांचं चहापाणी, आणि सासूबाईंना काकड्याला जायचं म्हणून पहाटेचं आंघोळीचं पाणी.

वीणेकऱ्याचं नाव पत्रिकेत छापलं जातं. पोळ्या करणारीचं? पत्रिकेच्या तळाशी ‘समस्त गावकरी मंडळी’ असतं, त्यातच तिनं स्वतःला शोधायचं. नाव छापून यावं म्हणून कुणी सेवा करत नाही, हे कबूल. पण पंगती किती, पोळ्या किती, कुठल्या घरात आजारपण आहे, कुठल्या घरी बाळंतीण आहे, हे जिला ठाऊक असतं, तिला बैठकीत कुणी विचारत नाही. आणि मग आठव्या दिवशी पोळ्या कमी पडल्या की बोल मात्र बायकांना!

गोरोबाकाकांच्या घरी

हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्याच जिल्ह्यातलं तेर म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव. चैत्र वद्यात त्यांच्या समाधीला किती गर्दी होते, हे तुम्हांला सांगायला नकोच. गोरोबांची कथा सगळ्यांना पाठ असते. पाण्याला जाताना बायको, संती, लेकराकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. गोरोबा भजनात दंग होऊन चिखल तुडवत होते, आणि रांगतं लेकरू त्या चिखलात सापडलं. कीर्तनात ही कथा ऐकताना गोरोबांच्या भक्तीनं आपले डोळे भरून येतात. पण क्षणभर संतीकडेही बघा. भजनाची किंमत त्या घरात तिनं मोजली होती. पुढे पंढरीत लेकरू परत मिळालं, अशी कथा आहे. तरी भरली घागर घेऊन दारात आलेल्या संतीला त्या क्षणी काय वाटलं असेल, ते प्रत्येक आईला कळतं.

दुसरी कथाही गोरोबांचीच. सगळे संत जमलेले असताना मुक्ताबाईनं विचारलं, “काका, हे थापटणं कशाला?” मडकं कच्चं की पक्कं ते बघायला, असं ते म्हणाले. मग आम्हांलाही तपासा, असं तिनं सुचवलं, आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं! एवढ्या थोर मंडळींची परीक्षा घ्यायचं सुचलं कुणाला? त्यांच्यातल्या सर्वांत धाकट्या मुलीला. आणि परीक्षा घेणारा होता एक संसारी कुंभार. आपल्या परंपरेत बाईच्या बोलण्याला जागा आहे, ती अशी.

दूरदेशीचं एक उदाहरण

संसारी माणसांनीच चालवलेला भक्तिसमाज फक्त आपल्याकडेच आहे, असंही नाही. अमेरिकेत १८३० साली मॉर्मन नावाचा एक ख्रिस्ती पंथ सुरू झाला. त्यांच्या स्थानिक मंडळीचा प्रमुख, म्हणजे बिशप, हा नोकरीधंदा करणारा घरगृहस्थच असतो. पगार नाही, आणि काही वर्षांनी ती जबाबदारी दुसऱ्याकडे जाते. रविवारच्या सभेत प्रवचन मंडळीतलेच स्त्री-पुरुष पाळीपाळीनं करतात. बिशप मात्र पुरुषच होतो, तेवढं तिथंही आपल्यासारखंच!

पण एक व्यवस्था त्यांनी फार जुनी लावून ठेवली आहे. १७ मार्च १८४२ रोजी तिथल्या बायकांनी ‘रिलीफ सोसायटी’ ही आपली संस्था काढली. आज प्रत्येक मंडळीत तिची अध्यक्षीण असते, चिटणीस असते. प्रत्येक बाईकडे काही घरं नेमून दिलेली असतात. त्या घरात आजारपण आलं, बाळंतपण आलं, की विचारपूस करायची, जेवण पोचवायचं. काम आपण करतो तेच. फरक एवढाच, की तिथं ते काम नावानं सोपवलेलं असतं आणि त्याची नोंद असते.

आपल्याला जमेल का?

का नाही जमणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली गावं जमीनदोस्त झाली. नंतर घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. भूकंपात टिकेल असं बांधकाम कसं करायचं, मदत कशी मिळते, हे त्या शेजारणींना समजावत आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. उंबऱ्याबाहेर क्वचित बोललेल्या बायकांनी हे केलं, कारण काम त्यांच्या नावावर होतं. २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बचत गटाचा पै-पैचा हिशेब आपण ठेवतो. मग सप्त्याच्या बैठकीलाच आपण ओसरीवर का बसायचं?

यंदा एवढं करून बघा

भांडण नको, सुरुवात छोटी करा. बैठकीच्या आधी चार-पाच जणी जमा आणि एकीनं सगळ्यांच्या वतीनं बोलायचं ठरवा.

पंगतीची वही आपल्याकडे मागून घ्या. कुठल्या दिवशी कुठल्या घराच्या किती पोळ्या, हे तीत लिहा. बाळंतीण, आजारी माणूस, एकटी म्हातारी असलेल्या घराला त्या वर्षी सूट द्या.

दर दोघींनी पाच-सहा घरं वाटून घ्या. ही व्यवस्था सप्ता संपला तरी मोडू नका. अडीअडचणीला ती वर्षभर उपयोगी पडते.

काही गावांत दिवसाच्या पहाऱ्याला बायकांच्या हाती वीणा देतात. आपल्या गावी देत नसतील, तर एका दुपारचा पहारा मागा. महिन्याच्या अडचणीचं कारण पुढं केलं, तर सांगा की बदली माणूस पुरुषांनाही लागतोच; आमचा बदली आम्ही देऊ.

शेवटची पंगत वाढणाऱ्यांची असते, आणि तीत बहुधा आपणच असतो. गार आमटीवर भागवू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका पंगतीचं वाढप पुरुष मंडळींकडे द्या आणि पहिल्या पानाला तुम्ही बसा.

आणि वही एका वर्षानंतर दुसरीच्या हाती द्या. एकीनंच धरून ठेवली तर तिचंही ओझं होतं आणि बाकीच्या शिकत नाहीत. पुढच्या वर्षी ही वही तुमच्या सुनेच्या हाती असेल, तर पोळ्या किती लागतात हे तिला कुणाला विचारावं लागणार नाही, आणि बैठकीत तो आकडा सांगायलाही ती कचरणार नाही.