थेंब कुठून पडतो? पुष्पकपासून हंसापर्यंत

पावसाळ्यात महिना-दोन महिने पडून राहिलेली मोटरसायकल आजऱ्यातल्या एखाद्या गॅरेजमध्ये आली, की जुना मेस्त्री लगेच किक मारत नाही. आधी खाली वाकून कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीकडे बघतो. नळीतून पेट्रोल टपकत असेल तर निदान झालंच: ‘पिन बसत नाही.’ मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर दोन टिचक्या. तेवढ्याने थेंब थांबला तर ठीक, नाहीतर बाऊल खोलायचा. राजदूत, येझदी, बजाज स्कूटर ते हिरो होंडा अशा कितीतरी गाड्या या एका विद्येवर रस्त्यावर राहिल्या. पेट्रोलची पातळी सांभाळणारा असाच फ्लोट आणि अशीच पिन घेऊन भारतातली छोटी विमानंही अनेक वर्षं उडत होती. त्यांतल्या एका गाजलेल्या विमानाचा धागा तर आजऱ्याच्या शेजारच्या तालुक्यापर्यंत येतो.

गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरचंपू हे डॉ. विष्णू माधव घाटगे यांचं गाव. जन्म १९०८चा. मुंबईत विज्ञानाचं शिक्षण घेऊन ते जर्मनीतल्या गॉटिंगेनला गेले आणि वायुगतिकीचे आद्य आचार्य लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४०मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली, तेव्हा तिथल्या पहिल्या फळीतल्या अभियंत्यांत घाटगे होते. १९४२च्या अखेरीस तिथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग सुरू झाला, तोही त्यांच्याच हाती. पुढे ते पुन्हा विमान कारखान्यात परतले. त्यांच्या पथकाने आखलेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१मध्ये उडालं आणि भारतातच आरेखन करून विमान बांधता येतं हे सिद्ध झालं. कोल्हापूर जिल्ह्यात कुस्तीगीर, चित्रकार, कलावंत यांची नावं अभिमानाने घेतली जातात. घाटगे यांचं नाव त्या यादीत क्वचितच ऐकू येतं, ही खरोखर खंत करण्यासारखी गोष्ट आहे.

एचटी-२ वायुसेनेकडे गेलं. सामान्य माणसाच्या जवळ आलं ते त्याच कारखान्यात बनलेलं पुष्पक. २८ सप्टेंबर १९५८ रोजी त्याने पहिली झेप घेतली. शेजारी-शेजारी दोन आसनं, डोक्यावर पंख, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड आणि पुढे ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल सी-९० इंजिन. अशी सुमारे १६० विमानं बनली आणि देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत गेली. हरियाणातल्या कर्नालच्या क्लबातही एक पुष्पक होतं. लहानपणी वडिलांकडे हट्ट करून त्यातून फेरी मारल्याची आठवण कल्पना चावला यांनी सांगितली होती.

सी-९० घराण्यातल्या इंजिनांवर स्ट्रॉमबर्ग कंपनीचा एनए-एस३ जातीचा कार्बोरेटर सर्रास असे. रचना अगदी साधी. घरावरच्या पाण्याच्या टाकीत जसा बॉल कॉक असतो, तसा बाऊलमध्ये पितळी फ्लोट. पेट्रोलची पातळी वाढली की फ्लोट वर येतो, पिन सीटमध्ये दाबली जाते आणि येणारं पेट्रोल बंद होतं. पातळी उतरली की पिन सुटते. पिन आणि सीट यांच्यात केसाएवढा कण अडकला तरी पेट्रोल थांबत नाही, बाऊल भरून मुख्य नळीवाटे बाहेर पडू लागतं. हा कार्बोरेटर इंजिनाच्या पोटाखाली असतो, त्यामुळे उतू गेलेलं पेट्रोल हवेच्या पेटीतून थेट जमिनीवर टपकतं.

पण प्रत्येक थेंब म्हणजे गळती नव्हे, आणि विमानाच्या मेकॅनिकची परीक्षा इथूनच सुरू होते. थंड इंजिन सुरू करताना वैमानिक प्रायमरने पेट्रोल आत ढकलतो. ते जास्त झालं की न जळलेलं पेट्रोल उलट खाली उतरून पेटीतून गळतं, आणि बघणाऱ्याला कार्बोरेटर फुटल्यासारखं वाटतं. म्हणून पहिला प्रश्न: थेंब पडतो कधी? नुकतं सुरू करायचा प्रयत्न झाल्यावर, इंजिन चालू असताना, की रात्रभर विमान नुसतं उभं असताना? उभ्या विमानाखाली सकाळी ओल दिसली तर पेट्रोलचा कॉक बंद करून बघायचं. थेंब हळूहळू थांबला, पुन्हा कॉक उघडल्यावर पेटीतूनच सुरू झाला, तर संशय पिन, सीट आणि फ्लोट या तिघांवर. पेटी कोरडी आणि बाहेरून ओल असेल, तर बाऊलचं गॅस्केट, पेट्रोल आत येतं तिथला जोड किंवा गाळणीचा प्लग तपासायचा. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा स्विच बंद असल्याची खात्री या सगळ्याच्या आधी. सांडलेल्या पेट्रोलजवळ एक ठिणगीही पुरते.

या शोधात रंगाची मोठी मदत होते. विमानाच्या पेट्रोलमध्ये प्रतीनुसार मुद्दाम रंग घातलेला असतो. पूर्वीचं ८०/८७ प्रतीचं पेट्रोल लाल, आताचं १०० एलएल निळं. पेट्रोल उडून जातं, पण रंग मागे राहतो. जोडाच्या कडेला सुकलेली निळी रेघ दिसली, की तिचं वरचं टोक शोधायचं. गळतीचं मूळ नेहमी तिथं असतं. जिथं थेंब लोंबतो तिथं क्वचितच.

मग कार्बोरेटर उतरवून टेबलावर. फ्लोट कानाशी धरून हलवला आणि आत खळखळ ऐकू आली, तर त्याला भोक पडलेलं आहे. ऐकू आलं नाही तरी तो गरम पाण्यात बुडवायचा. आतली हवा फुगते आणि डाख दिलेल्या जागी सूक्ष्म चीर असेल तर तिथून बारीक बुडबुडे येतात. पिनचं टोक भिंगाखाली बघायचं. सतत थरथरणाऱ्या इंजिनावर तिथं झिजलेलं कडं उमटतं. पिन बदलायची तर सीटही सोबतच, कारण झिजलेल्या सीटवर नवी पिन बसत नाही. शेवटी पातळी मोजायची. स्ट्रॉमबर्गमध्ये ती बाऊलच्या वरच्या सपाटीपासून १३/३२ इंच, म्हणजे साधारण दहा मिलिमीटर खाली हवी. मोजमाप कडेला घ्यायचं नाही, कारण भिंतीलगत पेट्रोल जरासं वर चढलेलं असतं. पातळी चुकली तर सीटखालच्या वॉशरची जाडी बदलायची, पुन्हा भरायचं, पुन्हा मोजायचं.

या एका पिनचाही स्वतःचा इतिहास आहे. आधी ती पोलादाची होती. पोलाद धातूच्या सीटवर घट्ट बसेना, म्हणून निओप्रीन रबराचं टोक आलं. गळती थांबली, पण काही इंधनांत ते टोक फुगून सीटमध्ये अडकण्याची भीती निर्माण झाली. गळणारा कार्बोरेटर बरा, कारण तो दिसतो. बंद पडलेली पिन हवेत इंजिन उपाशी ठेवते. नंतर डेल्रिन नावाच्या कठीण प्लास्टिकचं टोक आलं आणि दोन्ही त्रास बरेच कमी झाले.

गॅरेजमधली टिचकी इथं का चालत नाही, हेही यातूनच कळतं. टिचकीने पिन जागेवर बसते, पण कण बाऊलमध्येच राहतो. मोटरसायकल वाटेत बंद पडली तर उतरून ढकलता येते. विमानात तो कण कुठून आला हे शोधून, गाळणी आणि टाकी तपासून, परवानाधारक अभियंत्याला लॉगबुकात सही करावी लागते. दोघांचं निदान सारखंच असतं, जबाबदारी मात्र कितीतरी वेगळी.

पुष्पकची पिढी थकली तशी क्लबांत अमेरिकी सेसना वाढल्या. सेसना १५२वर लायकॉमिंग इंजिन आणि मार्व्हल-शेबलर कार्बोरेटर असतो. नावं बदलली, फ्लोट आणि पिन तेच. पुढचं भारतीय पाऊल पडलं ते बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत. तिथल्या हंसा-३ला २००० साली प्रमाणपत्र मिळालं. त्यावर ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१४ इंजिन आणि बिंग कंपनीचे दोन कार्बोरेटर. इथं फ्लोट धातूचे नव्हते, हलक्या कृत्रिम पदार्थाचे होते, आणि दुखणंही नवं आलं. काही फ्लोट पेट्रोल शोषून जड व्हायचे. जड फ्लोट पुरेसा तरंगत नाही, पिन पूर्ण दाबत नाही आणि पेट्रोल उतू जातं. भोक नसल्याने बुडबुड्यांची परीक्षा निरुपयोगी. म्हणून रोटॅक्सने वजनाची अट घातली: एका कार्बोरेटरमधल्या दोन फ्लोटचं मिळून वजन ७ ग्रॅमच्या वर नको. गरम पाण्याच्या भांड्याची जागा नाजूक तराजूने घेतली. शिवाय हे कार्बोरेटर इंजिनाच्या वरच्या बाजूला बसतात, त्यामुळे गळलेलं पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर पडू नये म्हणून त्यांच्याखाली ट्रे आणि निचऱ्याची नळी द्यावी लागते.

३ सप्टेंबर २०२१ रोजी हंसा-एनजी उडालं, तेव्हा त्याच्या रोटॅक्स ९१२ आयएस इंजिनात कार्बोरेटरच नव्हता. पेट्रोल मोजून सोडण्याचं काम संगणक आणि इंजेक्टरकडे गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल २०२०पासून, बीएस-६ नियमांमुळे नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला होता. जगभर हजारो सेसना अजून कार्बोरेटरवरच उडतात, आजऱ्याच्या गल्लीबोळांत जुन्या गाड्याही अजून धावतात. पण नव्याने हे काम शिकायला येणारी मुलं कमी होत चालली आहेत.

फ्लाइंग क्लबांच्या हँगरांत पुष्पकवर हात काळे केलेले मराठी अभियंते आज वयोवृद्ध आहेत. त्यांनी आपला अनुभव मराठीत लिहून ठेवावा, निदान कोणाकडून तरी ध्वनिमुद्रित करून घ्यावा. आजरा-गडहिंग्लजकडच्या तंत्रशाळांनीही एवढं करावं: एक जुना कार्बोरेटर उघडून मुलांच्या हाती द्यावा, आणि तो देताना हसूरचंपूच्या घाटगे यांचं नाव सांगावं.