शेक द्यायचा की गार पट्टी?

बांधावरून उतरताना कुणाचा पाय मुरगळला, की घरातून पहिलं वाक्य येतं, "वीट तापवा, शेक द्या." शेक चांगलाच. पण ताज्या माराला तो उलटा पडतो.

पाय मुरगळतो तेव्हा आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त पाझरतं, सूज चढते. शेकलं की त्या आणखी पसरतात आणि सूज वाढते. गारव्याने त्या आकसतात, दुखणंही जरा बधिर होतं. म्हणून पहिले 2 दिवस गारच. चोळायचं नाही, तेल जिरवायचं नाही, पाय उशीवर उंच ठेवायचा. फ्रिज नसला म्हणून अडत नाही. माठातल्या पाण्यात पंचा बुडवून, पिळून गुंडाळा. कोमट झाला की पुन्हा बुडवा. दुकानात पोरं घेतात ती पेप्सीची गोठलेली कांडीही चालते, पण फडक्यात गुंडाळून. उघड्या कातडीवर बर्फ ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते. एका वेळी 15 ते 20 मिनिटं, मग दोन-तीन तासांनी पुन्हा.

शेक कशाला? खुरपणीने धरलेली कंबर, सकाळी आखडलेले गुडघे, पाळीत दुखणारं ओटीपोट. ऊब मिळाली की आवळलेले स्नायू सैल होतात. तव्यावर जाडं मीठ तापवा, जाड फडक्यात पुरचुंडी बांधा आणि आधी स्वतःच्या मनगटाला आतून लावून बघा.

हे मनगटाचं मी मुद्दाम सांगते. घरात साखरेचा आजार असलेल्या सासूबाई असतील तर त्यांचे पाय बधिर असू शकतात. चटका बसलेला त्यांना कळत नाही. सकाळी फोड दिसतो, जखम चिघळते, कधी बोट काढायची वेळ येते. "गरम लागतंय का?" असं त्यांना विचारून भागणार नाही, तुमच्या हाताने बघा. बधिर पायाला शेक नकोच, गार पट्टीही नको. आणि दुखऱ्या जागी बिब्बा तर कुणालाच लावू नका, त्याने कातडी फोडांनी भरते.

मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, हाड वाकडं दिसत असेल, बोटं निळी पडली असतील, तर घरचे उपाय थांबवून दवाखाना गाठा. पोटात उजवीकडे खाली सारखं दुखतंय, सोबत ताप किंवा उलटी आहे, तरीही शेकत बसू नका. ते अपेंडिक्स असू शकतं.