बायमंथली म्हणजे नेमकं कधी? जर्नलच्या वारंवारितेचे इंग्रजी शब्द



पेपर कुठे पाठवायचा हे ठरवताना आपण जर्नलचं नाव बघतो, विषय बघतो, इम्पॅक्ट फॅक्टर तर बघतोच. त्याच पानावर 'फ्रिक्वेन्सी' अशी एक छोटी ओळ असते. वर्षात किती अंक निघतात हे ती सांगते. ती वाचायची राहून जाते, किंवा वाचली तरी चुकीची समजते. प्रबंध सादर करायची तारीख जवळ आलेली असेल, तर हा गैरसमज महागात पडू शकतो. म्हणून आज या शब्दांबद्दल.

आधी सोपे शब्द

वीकली म्हणजे साप्ताहिक. १८६९ पासून निघणारं 'नेचर' आणि अमेरिकेतलं 'सायन्स' ही दोन्ही साप्ताहिकं आहेत. मंथली म्हणजे मासिक. भारतीय विज्ञान अकादमीचं 'रेझोनन्स' मासिक आहे. ॲन्युअल म्हणजे वार्षिक.

क्वार्टरली म्हणजे त्रैमासिक, उदाहरणार्थ मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन'. इथे एक गंमत आहे. इंग्रजी शब्दात 'चार' दडलेला आहे आणि मराठी शब्दात 'तीन'. इंग्रजी वर्षाचे चार तुकडे करते, मराठी महिने मोजते. अर्थ एकच. घाईत वाचणाऱ्याला मात्र क्वार्टरली म्हणजे दर चार महिन्यांनी असं वाटू शकतं. तसं नाही. दर तीन महिन्यांनी एक, वर्षात चार अंक.

खरा घोळ 'बाय'चा

बायवीकली आणि बायमंथली या शब्दांना प्रत्येकी दोन अर्थ आहेत, आणि मेरियम-वेबस्टरसारखा नावाजलेला शब्दकोशही दोन्ही अर्थ देतो. बायवीकली म्हणजे आठवड्यातून दोनदा, किंवा दोन आठवड्यांतून एकदा. बायमंथली म्हणजे महिन्यातून दोनदा, किंवा दोन महिन्यांतून एकदा. आता हिशेब करा. बायमंथली जर्नलचे वर्षात २४ अंक की ६? चौपट फरक!

आपल्याकडे ही अडचण नाही. महिन्यातून दोनदा निघतं ते पाक्षिक, दोन महिन्यांतून एकदा निघतं ते द्वैमासिक. शब्दच वेगळे. त्यामुळे मराठी वाचकाला सवय लागते की 'बाय' म्हणजे 'द्वि', आणि बायमंथली म्हणजे द्वैमासिक. जर्नलच्या बाबतीत बहुतेक वेळा हे बरोबर निघतं. पण हाच नियम पुढे नेला की फसायला होतं:

- बायॲन्युअल: दिसतो द्वैवार्षिक, पण अर्थ साधारणपणे वर्षातून दोनदा, म्हणजे सहामाही.
- बायेनियल: दोन वर्षांतून एकदा. खरा द्वैवार्षिक हा.

बायेनियल लक्षात ठेवायला दोन उदाहरणं. राज्यसभेचे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. त्या जागांसाठी होणाऱ्या निवडणुकीला बायेनियल, म्हणजेच द्वैवार्षिक निवडणूक म्हणतात. वनस्पतिशास्त्रवाल्यांना तर हा शब्द ओळखीचाच आहे: गाजर आणि कोबी द्विवर्षायू, म्हणजे बायेनियल. एखादी परिषद बायेनियल असेल आणि ती तुमच्या हातून गेली, तर पुढची थेट दोन वर्षांनी. पीएचडीच्या हिशेबात दोन वर्षं थोडी नाहीत.

ग्रंथपालांनी काढलेला तोडगा

ग्रंथालयांच्या तालिकांसाठी 'मार्क २१' नावाची एक आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक वारंवारितेला एकाक्षरी संकेत आहे आणि अर्थ पक्का केलेला आहे. बायवीकली म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा. आठवड्यातून दोनदा असेल तर सेमीवीकली. बायमंथली म्हणजे दोन महिन्यांतून एकदा. महिन्यातून दोनदा तर सेमीमंथली. वर्षातून दोनदा असेल तर सेमीॲन्युअल, बायॲन्युअल नाही. 'सेमी' म्हणजे अर्धा, त्यामुळे अर्ध्या महिन्याने, अर्ध्या वर्षाने, असा सरळ अर्थ लागतो. तुम्हाला शब्द वापरायचाच असेल तर हा वापरा.

फोर्टनाइट आणि पंधरवडा

फोर्टनाइट हा शब्द 'चौदा रात्री' यावरून आला. आपला पंधरवडा पंधरा दिवसांचा. दर १४ दिवसांनी एक अंक निघाला तर वर्षात २६ होतात, महिन्यातून दोन निघाले तर २४. बंगळुरूहून निघणारं 'करंट सायन्स' स्वतःला फोर्टनाइटली म्हणवतं, पण त्याच्या अंकांवर दर महिन्याची १० आणि २५ तारीख असते. म्हणजे वर्षात २४. शब्दापेक्षा तारखा खरं सांगतात, त्या अशा.

आता तुमच्या लिखाणाकडे

वाचताना झालेला गोंधळ आपल्यापुरता राहतो. लिहिताना केलेला गोंधळ पुढे जातो. समजा तुम्ही पद्धती विभागात लिहिलंत की १२ आठवडे नदीच्या पाण्याचे नमुने बायवीकली घेतले. वाचणाऱ्याने २४ नमुने समजायचे की ६? ज्याला तुमचा प्रयोग पुन्हा करून बघायचा आहे, तो इथेच अडकेल. त्याऐवजी 'दर १४ दिवसांनी एकदा, एकूण ६ वेळा' असं लिहा. दोन शब्द जास्त गेले तरी चालतील.

प्रश्नावलीतही हेच. 'ऑफन', 'समटाइम्स', 'रेअरली' यांचा अर्थ माणसागणिक बदलतो. एकाचं 'बऱ्याचदा' म्हणजे रोज, दुसऱ्याचं आठवड्यातून दोनदा. शक्य असेल तिथे 'गेल्या ७ दिवसांत किती वेळा?' असं विचारा.

जर्नल निवडताना एवढं करा

१. जुन्या अंकांच्या यादीत जा आणि मागच्या पूर्ण वर्षाचे अंक मोजा. जाहीर केलेल्या शब्दाशी आकडा जुळतो का बघा. जोडअंक असतील तर तेही लक्षात घ्या.

२. स्वीकारलेला पेपर अंकाची वाट न बघता आधी ऑनलाइन येतो का, ते तपासा. 'प्लॉस वन'सारख्या जर्नलमध्ये पेपर तयार झाला की प्रसिद्ध होतो, तिथे वारंवारितेचा प्रश्नच उरत नाही. सहामाही छापील जर्नलमध्ये मात्र एक अंक हुकला की सहा महिने गेले.

३. तुमच्या विद्यापीठाचा नियम विचारा. यूजीसीच्या २०१६ च्या नियमावलीत प्रबंधाआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणं सक्तीचं होतं. २०२२ च्या नियमावलीत ती सक्ती नाही, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. आणि त्या अटीत 'स्वीकृत' चालतो की 'प्रकाशित'च हवा, हेही विचारून घ्या.

आणि तरीही 'बाय' दिसला आणि शंका आली, तर संपादकांना एका ओळीची मेल टाका: वर्षात अंक किती, आणि कोणत्या महिन्यांत? असं विचारण्यात कमीपणा काहीच नाही.