डाग इथे, गळती भलतीकडेच

आजचा विषय आहे भिंतीवरची ओल. हिच्यापायी वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात, आणि पुष्कळदा चूक भलत्याचीच निघते.

समजा, तुमच्या हॉलमध्ये पंख्याभोवती पिवळट डाग आला. वर काय आहे? वरच्यांचा हॉल. तिथे नळ नाही, मोरी नाही. प्लंबर बघून जातो, रंगारी वॉटरप्रूफ रंग मारून जातो. दोन महिन्यांत डाग परत हजर!

हे होतं कसं? स्लॅब ओतण्याआधी वायरिंगसाठी सळ्यांमध्ये पीव्हीसीचे पाइप टाकतात. वरच्या बाथरूमचं पाणी टाइल्सखाली झिरपून अशा पाइपात शिरलं, की ते आतल्या आत वाहत थेट पंख्याच्या डब्यापाशी बाहेर पडतं. बाथरूम राहिलं दोन खोल्या पलीकडे. अशा वेळी आधी त्या लाइनचा एमसीबी पाडा आणि रंगाऱ्याच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

म्हणून मी नेहमी सांगतो, डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी वाढतो ते बघा. पेन्सिलीने त्याची कड आखा, तारीख लिहा आणि पंधरा दिवस वहीत नोंद ठेवा.

फक्त पावसाळ्यात वाढतो? मग गच्ची, बाहेरच्या भिंतीची चीर किंवा खिडकीची चौकट तपासा.

बारा महिने सारखाच ओला? नळाच्या लाइनवर संशय घ्या. घराला स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद करून अर्धा तास बघा. काटा हलला, तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहेच.

आंघोळी झाल्यावर वाढतो? वरच्यांच्या परवानगीने नहाणी ट्रॅप बंद करा आणि फरशीवर दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवा. पाणी साठलेलं असतानाच डाग वाढला, तर दोष फरशीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये. पाणी सोडल्यावर वाढला, तर ट्रॅप किंवा खालच्या पाइपाच्या जोडात.

आणि दिल्लीसारख्या ठिकाणी थंडीत, कपाटामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते, तिचं काय? तिथे गळती नसेलही. भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडची बाजू ओली असेल, तर खोलीतली वाफ गार भिंतीवर जमतेय. मग तोडफोड कशाला? कपाट चार बोटं पुढे ओढा, खिडकी उघडा.

घर नवं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार, ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष बिल्डरला कळवला, तर त्याने तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. मात्र तोंडी सांगून थांबू नका. लेखी कळवा, तारखांचे फोटो जोडा. तुमची वही इथेही कामाला येते.

आणि वरच्यांचं दार वाजवाल तेव्हा तक्रार नको, ती वही घेऊन जा. बऱ्याचदा चहाच मिळतो.

भेटू पुढच्या भागात.