पहिला दिवस, पहिला पिचर, निळी टोपी

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या चाहत्यांना मार्च संपत आला की तीन विषय पुरतात. हंगामाच्या सलामीला चेंडू टाकायला माउंडवर कोण उभा राहणार, यंदाची जर्सी कशी आहे आणि पहिल्या दिवशी संघ जिंकणार का? बाहेरच्याला हे वाद क्षुल्लक वाटतील. पण या संघाच्या साठ वर्षांवर नजर टाकली, तर त्याचा बहुतेक सगळा इतिहास या तीन प्रश्नांतच सापडतो.

मुळात हा संघ जन्मला तो एका शहराच्या दुखावलेपणातून. १९५७ चा हंगाम संपला आणि ब्रुकलिन डॉजर्स व न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी भांडलेले दोन्हीकडचे चाहते एकदमच पोरके झाले. १९६२ मध्ये मेट्स मैदानात उतरले तेव्हा त्यांच्या अंगावर निळा रंग होता डॉजर्सचा आणि केशरी जायंट्सचा. टोपीवर एकमेकांत गुंफलेली ‘एनवाय’ ही अक्षरंही जायंट्सच्याच वळणाची होती. कालचे हाडवैरी आता एका टोपीखाली बसणार होते. गणवेशाने एवढं मोठं काम केल्याची उदाहरणं खेळाच्या इतिहासात फार नाहीत.

खेळाने मात्र पहिल्या दिवसापासून दगा दिला. ११ एप्रिल १९६२ रोजी सेंट लुईसमध्ये मेट्स ११-४ असे हरले, आणि त्यांच्याविरुद्धची पहिली धाव गेली ती पिचर रॉजर क्रेगच्या हातून चेंडू निसटल्यामुळे. पाठोपाठ आणखी आठ सामने गेले. हंगाम संपला तेव्हा ४० विजय आणि १२० पराभव अशी नोंद होती. क्रेगच्या एकट्याच्या नावावर २४ पराभव लागले. तरीही लोक येत राहिले. त्यांना परत मिळालेलं बेसबॉल पुन्हा गमवायचं नव्हतं.

बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर साधारण दर पाचव्या दिवशी माउंडवर येतो. म्हणून सलामीला कोणाची निवड होते, त्यावरून संघ आपला सर्वांत भरवशाचा माणूस कोणाला मानतो ते जगाला कळतं. मेट्सना असा माणूस मिळाला तो चक्क चिठ्ठी टाकून. १९६६ मध्ये टॉम सीव्हरचा अटलांटाशी झालेला करार नियमभंगामुळे रद्द झाला. त्याला घ्यायला तीन संघ तयार झाले आणि चिठ्ठी मेट्सची निघाली. १९६८ पासून सलग दहा वर्षं सलामीचा चेंडू सीव्हरच्याच हातात होता.

त्यातली १९६९ ची सलामी विसरता येत नाही. समोर माँट्रिअल एक्स्पोज हा अगदी नवा संघ, आयुष्यातला पहिला सामना खेळणारा. माउंडवर साक्षात सीव्हर. तरीही मेट्स ११-१० असे हरले. जन्मापासूनच्या आठही सलाम्या त्यांनी अशा गमावल्या होत्या. मात्र त्याच वर्षी ऑगस्टच्या मध्याला दहा सामन्यांनी पुढे असलेल्या शिकागो कब्जना त्यांनी मागे टाकलं, आणि ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरला ४-१ ने नमवून जगज्जेतेपद मिळवलं. सीव्हरने २५ सामने जिंकले, जेरी कूजमनने १७. न्यूयॉर्कला पिचिंगचं जे वेड लागलं ते तेव्हापासून. १९७० मध्ये त्यांनी पहिली सलामी जिंकली. पुढे तर सुरुवातीचे आठ पराभव धरूनही, पहिला दिवस जिंकण्याचं त्यांचं प्रमाण कित्येक वर्षं सगळ्या संघांत सर्वांत सरस राहिलं.

१९७७ च्या जूनमध्ये पगाराच्या वादातून सीव्हरला सिनसिनाटीकडे धाडण्यात आलं. जुने चाहते त्या सौद्याबद्दल अजून कडवटपणे बोलतात. सहा वर्षांनी, ५ एप्रिल १९८३ रोजी, तो सलामीलाच मेट्सच्या शे स्टेडियमवर परतला. उद्घोषकाने त्याचं नाव घेतलंच नाही, फक्त ‘पिचर, क्रमांक ४१’ एवढंच म्हटलं, आणि स्टेडियम उसळलं. पाठीवरचा आकडा पुरेसा होता. सीव्हरने सहा इनिंगमध्ये धाव दिली नाही. मेट्स २-० जिंकले.

त्याच वर्षी जर्सीच्या बाजूने निळे-केशरी पट्टे आले. १९८५ मध्ये विशीतल्या ड्वाइट गुडनने २४ विजय आणि फक्त ४ पराभव अशी कामगिरी केली ती ते पट्टे घालून, आणि १९८६ चं जगज्जेतेपदही त्याच वेशातलं. म्हणून त्या पिढीला खरे मेट्स म्हणजे पट्ट्यांचे मेट्स. १९९८ मध्ये काळी जर्सी आली तेव्हा अनेकांना तो बाट वाटला. पण तिच्याबरोबर वाढलेल्या मुलांनी २०२१ मध्ये ती शुक्रवारच्या सामन्यांसाठी परतल्यावर आनंदाने गर्दी केली. जर्सीवरच्या वादात प्रत्येक जण आपल्या लहानपणाची बाजू घेत असतो. म्हणून तो वाद मिटत नाही, आणि मिटूही नये.

एका टोपीबद्दल मात्र कोणाचं दुमत नाही. २१ सप्टेंबर २००१ रोजी, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर दहा दिवसांनी, न्यूयॉर्कमध्ये पहिला मोठा सामना झाला. मेट्सचे खेळाडू अग्निशमन दल आणि पोलिसांच्या टोप्या घालून उतरले. आठव्या इनिंगमध्ये माइक पियाझाने होम रन मारला आणि अटलांटाविरुद्ध ३-२ असा विजय मिळाला. २०११ मध्ये दहाव्या स्मृतिदिनी त्याच टोप्या घालून खेळायची परवानगी लीगने नाकारली. चाहत्यांना तो नकार अजून सलतो, आणि त्यांचं बरोबर आहे.

२०१२ हे पिचिंगचं विलक्षण वर्ष. सीव्हर, नोलन रायन, गुडन असे पिचर लाभूनही या संघाच्या नावावर एकही नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न दिलेला सामना, नव्हता. रायन आणि सीव्हर यांनी तर तो मान मेट्स सोडल्यावर मिळवला. ८,०१९ सामने असेच गेले. मग १ जूनला, खांद्याच्या शस्त्रक्रियेतून सावरलेल्या योहान सांतानाने १३४ चेंडू टाकून तो दुष्काळ संपवला. त्याच हंगामात आर. ए. डिकीने नकलबॉल या संथ, हेलकावणाऱ्या चेंडूवर २० सामने जिंकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. डिकीचं आपल्याशीही नातं आहे. हंगामाआधी जानेवारीत तो किलिमांजारो चढला तो मुंबईच्या कामाठीपुऱ्यातल्या स्त्रिया आणि मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थेला निधी मिळावा म्हणून. दुखापत झाली तर करार धोक्यात येईल अशी ताकीद संघाने दिली होती, तरी तो गेला. पुढच्या वर्षी मुलींना घेऊन तो मुंबईतही येऊन गेला.

३१ ऑगस्ट २०२० रोजी सीव्हर गेला. चेंडू टाकताना तो इतका खाली झुकायचा की उजवा गुडघा जमिनीला घासायचा. त्याच्या निधनाची बातमी आल्यानंतरच्या सामन्यात मेट्सच्या खेळाडूंनी खेळापूर्वी आपल्या उजव्या गुडघ्यावर माती चोळली. २०२२ मध्ये घरच्या मैदानावरच्या सलामीच्या दिवशी, १५ एप्रिलला, सिटी फील्डबाहेर त्याच्या पुतळ्याचं अनावरण झालं.

हा सगळा हिशेब मांडल्यावर एक गोष्ट लख्ख दिसते. पहिल्या दिवसाचा निकाल हंगामाबद्दल काहीच सांगत नाही. १९६९ याची साक्ष आहे. पहिला दिवस सांगतो ते एवढंच, की आपला माणूस कोण आणि आपला रंग कोणता. एकदा दोन संघ गमावून बसलेल्या शहराला या दोन प्रश्नांची किंमत ठाऊक आहे. म्हणून मेट्सचे चाहते दर मार्चमध्ये त्यावर जीव तोडून भांडतात, आणि खेळ पुढच्या पिढीकडे जातो तो याच भांडणांतून.