नव्या मत्स्यपेटीतील वनस्पती : रूढ समज आणि वस्तुस्थिती

नवी मत्स्यपेटी पाण्याने भरली की तिच्यातील नत्रचक्र बसेपर्यंत, म्हणजे सामान्यतः चार ते सहा आठवडे, तिच्यात जिवंत वनस्पती लावू नयेत; लावल्या तर त्या अमोनियाने करपतील, आणि करपल्या नाहीत तर जीवाणूंचे अन्न स्वतःच खाऊन चक्र कायमचे अपुरे ठेवतील, असा एक समज मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींत इतका रूढ आहे की पिंपळनेरहून मुद्दाम धुळ्याला जाऊन रोपे आणणारा गृहस्थही ती बादलीत ठेवून पेटी ‘तयार’ होण्याची वाट पाहत बसतो. या समजाची दोन्ही अंगे वस्तुस्थितीला धरून नाहीत; आणि आपल्या खानदेशातील पाण्याचा गुणधर्म ध्यानी घेतला तर वनस्पती पहिल्याच दिवशी लावणे हे केवळ क्षम्य नव्हे, तर इष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माशांच्या कल्ल्यांवाटे बाहेर पडणारा मलांश, त्यांची विष्ठा आणि न खाल्लेले खाद्य यांपासून पेटीत अमोनिया उत्पन्न होतो. काही जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि काही त्या नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना घातक, तिसरा फार साचला नाही तर सोसण्याजोगा. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात. काच, वाळू आणि फिल्टरचा स्पंज यांवर ते थर धरून राहतात. म्हणूनच ओळखीच्याकडील जुन्या पेटीचे पाणी आणून ओतण्याने फारसे काही साधत नाही, आणि तिच्या स्पंजाचा एक न धुतलेला तुकडा आणला तर पुष्कळ साधते. वनस्पतींची पाने आणि मुळे हेही अशा जीवाणूंचे वसतिस्थानच असल्यामुळे निरोगी पेटीतून आणलेले रोप त्यांना बरोबर घेऊनच येते.

वनस्पती अमोनियाने करपतात हे म्हणणे तर जवळजवळ उलटे आहे. पाण्यात अमोनियम आणि नायट्रेट दोन्ही असताना बहुतेक पाणवनस्पती आधी अमोनियमच उचलतात, कारण नायट्रेट पचवायचे म्हटले तर त्याचे पुन्हा अमोनियम करण्यात त्यांची शक्ती खर्ची पडते. मासे न सोडता बाहेरून अमोनिया घालून जे चक्र बसवितात, त्यातील दशलक्ष भागांस दोन भाग हे प्रमाण सामान्य रोपांना बाधत नाही. नाजूक शेवाळवर्गीय रोपे तेवढी मागाहून लावावीत.

इतिहासाचा दाखलाही याच बाजूचा आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली आपला जो प्रसिद्ध प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला, त्यात बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचे रोप एकत्र ठेवले होते. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागताच त्यांनी तळ्यातील गोगलगाई सोडल्या आणि पाणी निवळले. त्या काळी नत्रचक्राचे जीवाणू कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे त्यांच्याच पुत्राने, त्यांचेही नाव रॉबर्टच, रॉथॅमस्टेड येथे मातीतील याच क्रियेचा अनेक वर्षे अभ्यास करून ती दोन टप्प्यांत घडते हे दाखविले, आणि ते जीवाणू वेगळे काढण्याचे श्रेय 1890 च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांना मिळाले. पित्याने लावलेल्या रोपाभोवती काय घडत होते, याचा उलगडा पुत्राच्या पिढीला झाला.

आता आपल्या पाण्याविषयी. साक्री तालुक्याचा हा मुलूख काळ्या कातळाचा आहे, आणि त्यातून झिरपणारे विहिरीचे व बोअरचे पाणी बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी असते. अमोनियाचे विषारीपण सामूवर अवलंबून असते, ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. 25 अंश तपमानात सामू 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू 8 झाला की तोच अंश पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि वैशाखात पाणी 30 अंशांवर गेले की सात टक्क्यांच्याही पुढे. शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. अशा पाण्यात अमोनिया सतत उचलून घेणारी वनस्पती हा माशांचा फार मोठा बंदोबस्त आहे. जड पाणी वनस्पतींना मानवत नाही, ही तक्रारही सरसकट खरी नाही. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला पाण्यातील बायकार्बोनेटपासून आपला कर्ब मिळवू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी घेण्याचे काहीच कारण नाही.

मग पहिल्या पंधरवड्यात पाने का गळतात? क्रिप्टोकोरायनीचे रोप जवळून पाहिले तर उत्तर मिळते. पान आधी अर्धपारदर्शक होते, कडा बुळबुळीत होतात आणि बोट लावताच ते देठापासून सुटते. पण वाळू बाजूला सारून पाहिले तर बुंधा टणक आणि मुळे शाबूत असतात. विक्रीची पुष्कळ रोपे पाण्याबाहेर दमट हवेत वाढविलेली असतात. ती बुडाली की हवेतली पाने टाकून देऊन पाण्याला योग्य अशी नवी पाने धरतात. याच कुळातील जाती कोकणातील ओढ्यानदीकाठीही आढळतात, आणि ऋतूप्रमाणे पाणी चढण्या-उतरण्याची त्यांना सवयच असते. गळलेली पाने तेवढी त्वरित काढावीत, कारण कुजून तीच अमोनिया वाढवितात. रोप मात्र उपटून फेकू नये. व्हॅलिस्नेरिया लावताना पाने जेथून फुटतात तो भाग वाळूच्या वर राहील याची खबरदारी घ्यावी. तो गाडला गेला की रोप कुजते, आणि दोष अमोनियावर जातो.

वनस्पती जीवाणूंचे अन्न हिरावतात, यात तथ्याचा अंश आहे. जीवाणूंची संख्या त्यामुळे मर्यादित राहते आणि नायट्राइट-नायट्रेटचे आकडे पुष्कळदा चढतच नाहीत. एवढ्यावरून चक्र बसलेच नाही, असा निष्कर्ष काढणारे चुकतात. माशांना नायट्रेटशी नव्हे, अमोनिया नाहीसा होण्याशी कर्तव्य आहे. रोपांना नवी पाने फुटून ती जोमाने वाढू लागली की दोनतीन लहान मासे सोडावेत, रोज चाचणी घ्यावी, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य राहतात अशी खातरजमा झाल्यावरच पुढचे आणावेत. वाढ थांबलेली वनस्पती काहीही शोषीत नाही, हे विसरू नये.

दर आठवड्याला पेटी रिकामी करून वाळू आणि स्पंज नळाखाली धुण्याचा दस्तूर बंद करावा. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घातलेल्या पाण्याने जीवाणू मरतात. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, आणि नवे पाणी क्लोरीन घालविणारा हायपो घालून वापरावे. दिवा सहा ते आठ तासांपेक्षा अधिक ठेवल्यास रोपांपेक्षा शेवाळच माजते. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून भारनियमनाच्या रात्री पाणी अधूनमधून भांड्याने ढवळावे.

पांझरेतून किंवा पाटातून हायड्रिला आणण्यास हरकत नाही, मात्र भोवतालच्या पिकांवर फवारणी झालेली असेल तर ती वेगळ्या भांड्यात पाणी बदलीत काही दिवस ठेवावी. याच हायड्रिलाने, 1950 नंतरच्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारामार्फत फ्लोरिडात पोहोचून, तेथील तळी आणि कालवे बुजवून टाकले. तेव्हा दुकानातून आणलेल्या परदेशी रोपांच्या छाटलेल्या फांद्या पांझरेत किंवा लाटीपाड्याच्या धरणात कदापि टाकू नयेत, उन्हात पुरत्या वाळवून उकिरड्यावर टाकाव्यात.