होडीतले घर

होडीत बारा महिने राहायचे झाले तर कशी होडी घ्याल? इंग्लंडच्या कालव्यांवर अनेकजण असे राहतात. तेथे पहिला प्रश्न रुंदीचा. कित्येक जुन्या कालव्यांवरील ‘लॉक’, म्हणजे होडी वर-खाली नेणारे दरवाजेबंद हौद, जेमतेम ७ फूट रुंद आहेत. म्हणून होडी सहसा ६ फूट १० इंचांची!

होडीचे अंग पोलादी. ते गंजू नये म्हणून पाण्याखाली मॅग्नेशियमचे ठोकळे जोडतात. मॅग्नेशियम पोलादापेक्षा सहज इलेक्ट्रॉन सोडते. ते झिजते आणि पोलाद वाचते. ठोकळे झिजले की बदलायचे.

खरा धोका मात्र आत असतो. थंडीत शेगडी पेटते, खिडक्या बंद होतात. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही! म्हणून हवेची भोके कधीच बुजवायची नाहीत आणि हा वायू ओळखून घंटा वाजवणारे यंत्र लावायचे.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, असे आपल्याकडे मोठी माणसे का बजावतात, ते आता कळले ना?